रिपोर्ट येईपर्यंत ताप उतरलेला असतो

दर पावसाळ्यात, ऑगस्ट लागला की आपल्याकडे डेंग्यूवरून एकच भांडण नव्याने सुरू होतं. एखाद्या गावात पन्नाससाठ जण तापाने फणफणलेले असतात, तालुक्याच्या खाजगी लॅबमध्ये त्यातल्या वीसेक जणांची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह येते, गावकरी म्हणतात साथ आलीये, आणि सरकारी आकडा येतो की एलायझाने, म्हणजे मोठ्या लॅबमधल्या रक्ततपासणीने, पक्के झालेले रुग्ण दोन. मग एक बाजू म्हणते सरकार साथ लपवतंय, दुसरी म्हणते रॅपिड कीट म्हणजे निव्वळ दुकानदारी, त्यावर काय विश्वास ठेवायचा. आठवडाभर हे चालतं, पेपरात धुराच्या फवारणीचे फोटो येतात, आणि मग गणपती येतात. या सगळ्यात एक गोष्ट कोणीच विचारत नाही: ज्याला ताप आलाय त्याला उत्तर कितव्या दिवशी मिळालं?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. वीस मिनिटांत निकाल देणारी, उपकेंद्रात सिस्टरला स्वतः करता येणारी स्वस्त टेस्ट ही काही मोठ्या लॅबच्या तपासणीची गरिबांसाठी काढलेली हलकी प्रत नाहीये. तिचं काम वेगळं आहे आणि ते काम आज आपल्या खेड्यांत होतच नाहीये. सरकारने ती उघडपणे स्वीकारावी, तिच्या निकालाला नोंदवहीत जागा द्यावी, आणि ती जिथे चुकते तिथे काय करायचं याचे नियम आधीच बांधून द्यावेत. आज परिस्थिती अशी आहे की आयुष्मान आरोग्य मंदिर (पूर्वीचं आरोग्यवर्धिनी) उपकेंद्रात ज्या १४ तपासण्या व्हायला पाहिजेत असं कागदावर लिहिलंय त्यात डेंग्यूची रॅपिड टेस्ट आहे, आणि त्याच वेळी रुग्ण मोजताना राष्ट्रीय कार्यक्रम एलायझा सोडून दुसरं काही पक्कं धरत नाही, रॅपिड पॉझिटिव्ह म्हणजे फक्त संशयित. एका हाताने कीट द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याचं उत्तर बाजूला सारायचं, मग त्या सिस्टरने काय समजायचं?

एलायझाला वेळ का लागतो हे एकदा नीट समजून घेतलं पाहिजे, कारण त्यात कोणाचा आळस नाहीये. एलायझाची प्लेट असते, ९६ खड्ड्यांची. एका पेशंटसाठी प्लेट लावणं परवडत नाही, म्हणून सॅम्पल साठेपर्यंत लॅबवाले थांबतात, साथ जोरात असेल तर रोज प्लेट लागते, नसेल तर आठवड्यात एकदोनदा. त्याआधी रक्त उपकेंद्रातून पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात), पीएचसीतून डेंग्यूसाठी नेमलेल्या जिल्ह्याच्या सेंटिनेल लॅबला गार डब्यातून पोचवायचं, गाडी रोज असतेच असं नाही, मध्ये रविवार येतो, सण येतो. त्यात डेंग्यूचं स्वतःचं घड्याळ वेगळंच चालतं. पहिल्या चारपाच दिवसांत रक्तात एनएस१ नावाचं विषाणूचं प्रथिन सापडतं, साधारण पाचव्या दिवसानंतर आयजीएम अँटीबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूशी लढायला तयार केलेली प्रथिनं, दिसायला लागतात. आणि खरा धोका बहुतेक वेळा ताप चढलेला असताना नसतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे ताप उतरतो तेव्हा असतो, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, पोट दुखतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. म्हणजे घरच्यांना वाटतं पोरगं बरं झालं तेव्हाच ते सगळ्यात नाजूक असतं.

माझी वहिनी आशा सेविका आहे, सह्याद्रीच्या उतारावरच्या एका गावात. दोन वर्षांपूर्वी तिच्या वाडीतल्या एका दहा वर्षांच्या मुलीला ताप आला. दुसऱ्या दिवशी रक्त घेतलं, जिल्ह्याला गेलं. मधल्या काळात अंग फार दुखतंय म्हणून घरच्यांनी तिला खाजगीत नेलं, तिथे तिला दुखणं कमी व्हायची सुई दिली, डेंग्यूत जी टाळायची असते तीच. पाचव्या दिवशी सकाळी ताप गेला, आईने डोक्यावरून पाणी घालून आंघोळ घातली आणि रोवणीला गेली, दुपारी मुलगी ओटीवर निपचित पडलेली सापडली. जीप मिळाली, जिल्ह्याच्या ठिकाणी वेळेत सलाईन लागलं, वाचली. रिपोर्ट आला नवव्या दिवशी, डेंग्यू पॉझिटिव्ह. वहिनी मला म्हणाली, "भावोजी, तो कागद मी कोणाला देऊ? तिच्या आईला देऊन काय सांगू?" त्या रिपोर्टमध्ये चूक काहीच नव्हती, शंभर टक्के बरोबर होता. दुसऱ्या दिवशी वहिनीच्या हातात एक साधी पट्टी असती आणि तिच्यावर दोन रेघा उमटल्या असत्या तर आईला एवढंच सांगायचं होतं की ताप उतरला तरी शेतावर जाऊ नको, आणि सुई देऊ देऊ नको.

आता विरोधात जे बोलतात त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो, आणि तो खरोखर भक्कम आहे. एनएस१ची रॅपिड पट्टी बऱ्याच खऱ्या रुग्णांना निगेटिव्ह दाखवते. ज्याला आयुष्यात दुसऱ्यांदा डेंग्यू होतो त्याच्यात तर जास्तच, कारण शरीरात आधीच असलेल्या अँटीबॉडी त्या प्रथिनाला चिकटून बसतात आणि पट्टीला ते सापडत नाही. आणि आपल्याकडे दुसऱ्यांदा होणारे थोडे नाहीत, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर रक्ताचे नमुने तपासले तेव्हा ४८.७ टक्के लोकांत पूर्वी डेंग्यू होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. दुसरा डेंग्यू पहिल्यापेक्षा गंभीर व्हायची शक्यता जास्त, म्हणजे ज्याला ओळखायची सगळ्यात गरज तोच पट्टीतून निसटतो. शिवाय आयजीएमच्या पट्टीत डेंग्यूच्या भाऊबंद विषाणूंची सरमिसळ होते, जपानी मेंदूज्वर, झिका, सगळे एकाच कुळातले. डॉक्टर म्हणतात की निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन माणूस निर्धास्त घरी जातो आणि तिथे मरतो, यापेक्षा टेस्ट नसलेली बरी. हे म्हणणाऱ्यांना वेड्यात काढून चालणार नाही.

पण नसलेली बरी म्हणजे कशापेक्षा बरी? तुलना नेहमी जिल्ह्याच्या लॅबशी होते, आणि वाडीवर जिल्ह्याची लॅब नसतेच, तिथे असतो अंदाज. समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा एक कीट १०० खऱ्या रुग्णांतले ७० पकडतं आणि डेंग्यू नसलेल्या १०० पैकी ३ जणांना उगाच पॉझिटिव्ह म्हणतं. ऑगस्टमध्ये पीएचसीत तापाचे १०० पेशंट आले, त्यातल्या ३० जणांना डेंग्यू आहे. कीट २१ जणांना पकडेल, ९ जणांना सोडेल, आणि चुकून २ जणांना पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे ज्या २३ जणांना पॉझिटिव्ह म्हटलं त्यातले २१ खरे, आणि हे दुसऱ्याच दिवशी कळलं. निगेटिव्ह आलेल्या ७७ मध्ये ९ जण लपलेले आहेत, म्हणून निगेटिव्हचा अर्थ "डेंग्यू नाही" असा होत नाही, "अजून सांगता येत नाही, परवा परत या" असा होतो. आता तेच कीट घेऊन जानेवारीत ताप नसलेल्या १००० लोकांत फिरा, ज्यात फार तर ५ जणांना डेंग्यू आहे. तीनचार खरे सापडतील आणि तीसेक खोटे. कीट तेच, कारखाना तोच, पहिल्या ठिकाणी उपयोगाचं आणि दुसऱ्या ठिकाणी गोंधळ घालणारं. त्यामुळे "रॅपिड टेस्ट विश्वासार्ह आहे का" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाहीच. कुठे, कोणात, कितव्या दिवशी, आणि उत्तर आल्यावर पुढे काय, हे विचारल्याशिवाय टक्केवारी नुसती फेकून मारण्यात काय अर्थ आहे?

दुसरा आक्षेप असा की डेंग्यूवर औषधच नाही, मग लवकर कळून फरक काय पडणार, उपचार लक्षणं बघूनच करायचे. यातला पहिला भाग खरा आहे, विषाणूला मारणारं औषध डेंग्यूत नाही. पण औषध नसलेल्या आजारात तर सगळं वेळेवर लक्ष ठेवण्यावर चालतं ना? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही दुखणं कमी करणारी औषधं टाळणं, पाणी-पेज-ओआरएस सारखं देत राहणं, चौथ्या-पाचव्या-सहाव्या दिवशी आशाने घरी जाऊन बघणं, पोट दुखतंय का, लघवी होते का, आणि गरज पडली तर गाडीची सोय आधीच करून ठेवणं. तापाच्या प्रत्येक पेशंटकडे असं सहा दिवस लक्ष ठेवायला आशाला दोनाचे चार हात नाहीत, तिला कोणाकडे आधी जायचं हे कळायला हवं. आणि माणसं सोडून डासांकडे बघा. कंटेनर सर्वे म्हणजे साठवलेल्या पाण्यात अळ्या शोधणं, टाक्या रिकाम्या करणं, टायर उचलणं, हे पहिला रुग्ण सापडल्यावर सुरू व्हायचं असतं. नवव्या दिवशी रिपोर्ट आला तर तोवर त्या घरातल्या रांजणात अळीचा डास होऊन उडून गेलेला असतो.

तिसरा आक्षेप लोकांच्या मनात सगळ्यात ताजा आहे, कोविडचा. एप्रिल २०२० मध्ये चीनमधून आणलेली रॅपिड कीट आली, राजस्थानने सांगितलं की ती ५.४ टक्केच बरोबर येतायत, आयसीएमआरने आधी वापर थांबवायला सांगितला आणि आठवड्याभरात परत करायला. तेव्हापासून आपल्याकडे "रॅपिड" या शब्दालाच डाग लागलाय. पण तिथे काय घडलं ते नीट बघा. एक तर ती अँटीबॉडीची कीट होती, अँटीबॉडी तयार व्हायला आठवडाभर किंवा जास्त लागतो, आज संसर्ग आहे का हे त्यातून कळणारच नव्हतं. दुसरं म्हणजे माल आल्यावर प्रत्येक लॉट आपल्याकडे तपासून मगच वाटायला पाहिजे होता. दोनच महिन्यांनी, १४ जून २०२० ला आयसीएमआरने अँटिजेन टेस्टला, म्हणजे थेट विषाणूचं प्रथिन शोधणाऱ्या टेस्टला, परवानगी दिली तेव्हा किती वेगळ्या पद्धतीने दिली! स्वतः तपासून सांगितलं की ही टेस्ट ५०.६ ते ८४ टक्के रुग्ण पकडते, पण पॉझिटिव्ह आली तर जवळजवळ नक्की खरी. म्हणून नियम केला: पॉझिटिव्ह आला की पॉझिटिव्ह धरा, लक्षणं असून निगेटिव्ह आला तर आरटीपीसीआर करा. टेस्ट अर्धवट होती आणि नियमाने तिची उणीव भरून काढली. पुढे बऱ्याच ठिकाणी तो दुसरा भाग पाळलाच गेला नाही, निगेटिव्हवाल्यांना परत कोणी बोलावलं नाही, आणि २०२१ च्या हरिद्वार कुंभात तर लाखभर बनावट अँटिजेन चाचण्यांच्या नोंदींचं प्रकरण बाहेर आलं. हा दोष मोठाच आहे, पण खोटी नोंद आरटीपीसीआरचीही करता येते. आणि दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, आरटीपीसीआरच्या रिपोर्टची चारचार दिवस वाट बघत घरातल्या सगळ्यांना लागण करून बसलेली कुटुंबं आपण सगळ्यांनी पाहिलीत.

याच वादाची एक जुनी आवृत्ती आपण महाराष्ट्रात जिंकून बसलोय आणि विसरलोय. मलेरिया विषाणूचा आजार नाही, परजीवीचा आहे, पण गोष्ट तीच. पूर्वी गडचिरोलीच्या दुर्गम भागात ताप आला की आरोग्य सेवक काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, अंदाजाने क्लोरोक्विनच्या गोळ्या द्यायचा आणि काचपट्टी तपासणीला पाठवायचा. रिपोर्ट येईपर्यंत कधी आठवडा कधी त्याहून जास्त, आणि फॅल्सिपॅरम मलेरिया डोक्यात गेला तर माणूस काही दिवसांतच जातो. सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी उत्तम होती, फक्त ती माणूस गेल्यावर उत्तर द्यायची. मग आशांच्या हातात रॅपिड कीट आलं, बोट टोचायचं, पंधरावीस मिनिटांत बघायचं, तिथेच गोळ्या सुरू. शंका तेव्हाही घेतल्या होत्या, कमी शिकलेल्या बाईला जमेल का, चूक झाली तर जबाबदार कोण. त्याच जिल्ह्यात त्याआधी डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं होतं तेव्हाही हेच विचारलं गेलं, आणि १९९९ साली जगासमोर आलेल्या त्या कामात नवजात मृत्यूदर साठ टक्क्यांहून जास्त कमी झालेला होता. जमेल का हा प्रश्न गडचिरोलीने केव्हाच निकालात काढलाय.

पण मलेरियाच्याच गोष्टीत एक इशारा आहे आणि तो लपवायचा नाही. ही कीट परजीवीचं एचआरपी२ नावाचं प्रथिन शोधतात. आफ्रिकेत एरिट्रियामध्ये २०१६ च्या सुमारास लक्षात आलं की काही परजीवींनी ते प्रथिन बनवणारं जनुकच गमावलंय, म्हणजे पेशंट तापाने तळमळतोय आणि कीट निगेटिव्ह. तिथल्या लोकांनी काय केलं? कीट फेकून परत काचपट्टीवर गेले नाहीत, दुसरं प्रथिन शोधणारं कीट आणलं. पण हे कळलं कसं, तर मागे सूक्ष्मदर्शकाने पडताळणी चालू होती म्हणून. माझा सगळा मुद्दा यात आलाय. पुढे पट्टी आणि मागे लॅब. पट्टीच्या नादात मागची लॅब बंद केलीत तर एक दिवस पट्टी आंधळी होईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

विषाणूंमध्ये एचआयव्हीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. भारतात १९८६ साली चेन्नईत पहिल्यांदा एचआयव्ही सापडला, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं तपासणी म्हणजे रक्त देऊन जायचं आणि काही आठवड्यांनी निकाल घ्यायला परत यायचं. किती जण परत यायचे? जगभर अनुभव हाच होता की बरेचसे येतच नाहीत, भीती, लाज, एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी. लॅबने अगदी अचूक काढलेला निकाल लॅबच्याच रजिस्टरात पडून राहायचा. आज आपल्या आयसीटीसी केंद्रांत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रांत, काय होतं? एका रॅपिड टेस्टवर भरवसा नाही हे मान्यच केलंय, म्हणून वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी तीन रॅपिड कीट एकामागोमाग वापरतात, आणि माणूस निकाल घेऊनच उठतो. आणि ती बाई आठवा जी एकदाही तपासणी न झालेली, कळा सुरू झाल्यावर थेट प्रसूतीच्या टेबलावर येते. १९९९ साली युगांडातल्या अभ्यासाने दाखवलं की आईला कळा सुरू असताना नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि बाळाला काही थेंब, एवढ्याने बाळाला लागण व्हायचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. त्या टेबलावर एलायझाची वाट बघणार कोण? बाळ वीस मिनिटं थांबेल, चार दिवस नाही थांबणार.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं छोट्या प्रमाणावर ठीक, देशपातळीवर होत नाही, त्यांच्यासाठी इजिप्त. तिथे गेल्या शतकात गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या एका कृमीच्या आजारावर गावोगाव इंजेक्शनं देण्यात आली, काचेच्या सिरिंज नीट न उकळता परत परत वापरल्या गेल्या, आणि त्यातून हिपॅटायटिस सी देशभर पसरला, जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी एक. २०१८ च्या ऑक्टोबरपासून साधारण सात महिन्यांत त्यांनी जवळपास ५ कोटी लोकांची बोट टोचून रॅपिड टेस्ट केली. एका टेस्टची किंमत ०.५८ डॉलर, आपले तेव्हाचे साधारण चाळीस रुपये. आणि गंमत नाही, ती टेस्ट तशी अपुरीच होती, कारण अँटीबॉडी आजार बरा झाल्यावरही रक्तात राहतात, नुसत्या पट्टीवर औषध सुरू करता येत नाही. सुमारे २२ लाख लोक पट्टीवर पॉझिटिव्ह आले, त्यांची पीसीआर केली, साधारण तीन चतुर्थांश जणांत प्रत्यक्ष विषाणू सापडला, आणि त्यांना तिथल्याच कंपन्यांनी बनवलेलं जेनेरिक औषध सरकारने फुकट दिलं, तेच औषध जे अमेरिकेत बाजारात आलं तेव्हा एका कोर्सला ८४,००० डॉलर पडत होतं. पाच कोटी पीसीआर करणं कोणत्याच गरीब देशाला जमलं नसतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इजिप्तला हिपॅटायटिस सी संपवण्याच्या वाटेवरचा सुवर्ण दर्जा दिला, तिथवर पोचलेला तो पहिला देश. पट्टी एकटी असती तर हे झालं नसतं, पीसीआर एकटी असती तरी झालं नसतं. आपणही २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रम सुरू केलाय, तपासणी फुकट, औषध फुकट. तुमच्या ओळखीतल्या किती जणांना हे माहीत आहे?

किमतीचं रडगाणं ऐकलं की मला कोविडच आठवतो. मार्च २०२० मध्ये आरटीपीसीआरला ४,५०० रुपयांची मर्यादा होती, वर्षभराने मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रात तीच ५०० वर आली. विज्ञान वर्षात नऊ पटीने बदललं नव्हतं, सरकारने भाव बांधले आणि खरेदी मोठी झाली.

खाजगीतल्या लुटीबद्दल मात्र मी विरोधकांच्या बाजूने आहे. एनएस१ पॉझिटिव्ह हा कागद दाखवून धडधाकट माणसाला तीन दिवस ॲडमिट करायचं, रोज दोनदा पेशी मोजायच्या, "पेशी ऐंशी हजारावर आल्यात" म्हणून नातेवाइकांना रात्री प्लेटलेटच्या पिशवीसाठी पळवायचं, हे चालतं, आणि यात कर्ज काढलेली घरं मी बघितलीत. पण ही लूट कशावर उभी आहे? सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी उत्तर मिळत नाही यावर. बाप पोराला घेऊन खाजगी लॅबच्या पायऱ्या हौसेने चढत नाही. उपकेंद्रात फुकट पट्टी मिळाली, आणि सिस्टरने सांगितलं की पॉझिटिव्ह आहे पण आज ॲडमिट व्हायची गरज नाही, ही ही लक्षणं दिसली तर लगेच या, तर त्या बापाचे पाच-दहा हजार वाचतात. सरकार रॅपिड टेस्टपासून लांब राहिलं म्हणून ती बंद पडलेली नाहीये, ती फक्त बेवारस झालीये, कोणतं कीट, कुठल्या कंपनीचं, मुदत संपलेलं का, कोणी बघत नाही.

उन्हाने कीट खराब होतात हा मुद्दा थोडक्यात, कारण तो सोडवता येतो. बरीचशी कीट ३० अंशांपर्यंत ठेवायची असतात, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४६ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात तर त्याहून जास्त. त्यामुळे साठा उन्हाळा संपता संपता पाठवायचा, फ्रिज असलेल्या पीएचसीत ठेवायचा, आणि महिन्यातून एकदा ओळखीच्या पॉझिटिव्ह नमुन्यावर दोन कीट तपासून बघायची.

ज्याची मला जास्त काळजी वाटते ते वेगळंच आहे, ज्या आजाराचं नाव आपल्या यादीतच नाही त्याचं काय. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला ताप पसरला, काही नमुन्यांत चिकनगुनिया निघाला, आणि पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेच्या तपासणीत तिथे राज्यातली पहिली झिकाची रुग्ण सापडली. डेंग्यूची पट्टी एवढंच सांगू शकली असती की हा डेंग्यू दिसत नाही. आफ्रिकेत गिनीमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये इबोला सुरू झाला, मार्च २०१४ उजाडेपर्यंत त्याला नाव मिळालं नव्हतं, आणि ती साथ थांबेपर्यंत ११,३०० हून जास्त माणसं गेली. इथे पट्टी पुरत नाही हे कबूल. पण ज्या तालुक्यात रोजच्या तापाची रोज तपासणी होते आणि रोज नोंद होते, तिथे "वीस तापाचे पेशंट, मलेरिया नाही, डेंग्यू नाही, मग आहे काय" हा प्रश्न आठवड्यात उभा राहतो, आणि जिथे काहीच तपासलं जात नाही तिथे सगळा ताप "व्हायरल" या एका शब्दाखाली झाकला जातो. आमच्या कोकणातच बघा, २०१६ पासून बांदा, दोडामार्ग भागात माकडताप आला, काजूच्या बागांत राबणारी माणसं तापाने पडायला लागली, आणि नमुने जायचे मणिपालला नाहीतर पुण्याला. खरं तर गोव्यात बनलेलं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट मशीन टीबीसाठी कितीतरी पीएचसींत पोचलंय, तासाभरात पीसीआरसारखं उत्तर देतं, आणि माकडतापासाठीही त्याची टेस्ट एनआयव्हीने त्याच कंपनीबरोबर तयार केलीये. पट्टी आणि जिल्ह्याची लॅब यांच्या मधली पायरी आपल्या शेजारच्या राज्यात बनते, काजूचा हंगाम सुरू व्हायच्या आधी माकडतापाच्या टेस्टची चिप दोडामार्गच्या मशीनमध्ये असायला काय हरकत आहे?

मला हवंय ते फार मोठं नाही. उपकेंद्राच्या रजिस्टरात डेंग्यूच्या रॅपिड टेस्टचा वेगळा रकाना, पॉझिटिव्ह आला की एलायझाची वाट न बघता कंटेनर सर्वे आणि सहा दिवस घरभेट, निगेटिव्ह पण ताप चालू असेल तर दोन दिवसांनी परत बोलावणं. प्रत्येक गावातून थोडे नमुने, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही, एलायझाला जात राहावेत म्हणजे कीट कुठे चुकतंय ते कळत राहील. सरकारी आकड्यात "रॅपिड" आणि "पक्के" असे दोन रकाने शेजारी शेजारी छापा, म्हणजे साथ लपवल्याचा आरोपही होणार नाही आणि फुगवल्याचाही.

यंदाच्या मे महिन्यातल्या ग्रामसभेत मी उभा राहून विचारलं की गेल्या वर्षी आपल्या उपकेंद्राला डेंग्यूची किती कीट आली होती. सिस्टर म्हणाली पंचवीस, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात संपली, नंतर आलीच नाहीत. मी विचारलं, पाच वाड्या, जून ते ऑक्टोबर, किती पुरतील? तिने तापाचं जुनं रजिस्टर काढलं, बोटावर हिशोब केला, बाजूला बसलेल्या वहिनीला विचारलं तुझ्या वाडीचे किती धरू, आणि म्हणाली एकशे ऐंशी. तो आकडा ठरावात लिहून घेतलाय आणि ठराव पंचायत समितीला गेलाय. जून संपत आलाय, अजून उत्तर आलेलं नाही, सोमवारी मी परत जाणार आहे.